घरी मोठा पडदा लावायचाय? आधी भिंत मोजा, मग पैसे मोजा

चंद्रपूर/गडचिरोली : धानाचे चुकारे खात्यात जमा झाले, तेंदूपत्त्याची मजुरी आणि बोनस हाती आला की मोबाइलवर जाहिराती दिसायला लागतात. 'घरातच थिएटर! २०० इंचाचा पडदा, फोर-के चित्र, तेही काही हजारांत!' घरातली पोरं हट्ट धरतात आणि बटण दाबलं जातं. आठ दिवसांनी खोकं येतं. दुपारी लावून पाहिलं तर भिंतीवर काहीच दिसत नाही. रात्री लावलं तर चित्र दिसतं, पण फिकट आणि धूसर. दोन-चार दिवस कौतुक होतं, मग यंत्र कपाटावर जाऊन बसतं.

यात दरवेळी यंत्रच खराब असतं असं नाही. बऱ्याचदा खोली, पडदा आणि यंत्र यांचा मेळच बसलेला नसतो. जाहिरातीतला २०० इंचाचा पडदा म्हणजे साडेचौदा फूट रुंद आणि आठ फुटांपेक्षा उंच. एवढी मोकळी भिंत गावातल्या किती घरांत आहे? प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसकट २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट असतं. त्या घरातल्या खोलीत २०० इंचाचा पडदा मावणारच नाही. पण ८० किंवा १०० इंचाचा पडदा नीट बसवला तर त्याच खोलीत झकास चित्र दिसू शकतं.

मोठ्या मंचासमोर बसायची सवय झाडीपट्टीला नवी नाही. दिवाळीनंतर मंडई सुरू झाल्या की देसाईगंज-वडसाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव जातात आणि शामियान्यात माणसं रात्र रात्र बसतात. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सिनेमाचं तसं नाही. अनेक तालुक्यांत सिनेमागृह नाही, चंद्रपूर किंवा नागपूर गाठावं लागतं. म्हणून घरी मोठा पडदा असावा असं वाटणं साहजिक आहे. फक्त खर्च करण्याआधी काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

प्रोजेक्टर काळा रंग दाखवूच शकत नाही

टीव्ही स्वतः उजळतो. प्रोजेक्टर मात्र पडद्यावर उजेड फेकतो. उजेड फेकून पांढरा, लाल, निळा रंग दाखवता येतो; काळा दाखवता येत नाही, कारण काळा म्हणजे उजेड नसणं. चित्रातल्या माणसाचे काळे केस, रात्रीचं आभाळ, काळी गाडी या जागी प्रोजेक्टर फक्त उजेड टाकत नाही. तिथे तुम्हाला दिसतो तो पडद्याचा मूळ रंग.

यावरून एक फुकटची चाचणी करता येते. ज्या भिंतीवर पडदा लावायचा तिथे एक पांढरा कागद चिकटवा. ज्या वेळी सिनेमा पाहायचा, त्याच वेळी खोलीतले दिवे बंद करून समोर बसा आणि कागदाकडे बघा. कागद जितका पांढरा दिसेल तितकाच तुमच्या चित्रातला 'काळा' पांढरट असेल. कागद दिसेनासा झाला तर खोली प्रोजेक्टरसाठी चांगली. दुपारी तीन वाजता कौलांच्या फटींतून, दारातून, झरोक्यातून उजेड येत असेल आणि कागद लख्ख दिसत असेल, तर कितीही महाग पडदा आणला तरी दुपारचं चित्र फिकंच राहणार.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : आपण पाहणार कधी? दिवसभर बातम्या, मालिका, क्रिकेट चालू ठेवायचं असेल तर ४३ किंवा ५५ इंचाचा टीव्हीच बरा. तो दिवसा दिसतो, विजेचा खर्चही फार नाही आणि बिघडला तर तालुक्यात दुरुस्त करणारा सापडतो. रात्री जेवणं आटोपल्यावर दोन-तीन तास सगळ्यांनी मिळून पाहायचं असेल, तर प्रोजेक्टरचा विचार करायला हरकत नाही.

पडदा किती मोठा? भिंतीवर खडूने आखून बघा

पडद्याचं माप इंचांत सांगतात ते एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचं. त्यावरून रुंदी-उंचीचा अंदाज येत नाही आणि तिथेच फसगत होते. आजकालच्या सिनेमा-मालिकांचं चित्र १६ ला ९ या प्रमाणात असतं. त्या प्रमाणातल्या पडद्यांची खरी मापं अशी :

- ८० इंच : रुंदी ५ फूट १० इंच, उंची ३ फूट ३ इंच
- १०० इंच : रुंदी ७ फूट ३ इंच, उंची ४ फूट १ इंच
- १२० इंच : रुंदी ८ फूट ९ इंच, उंची ४ फूट ११ इंच
- १५० इंच : रुंदी १० फूट ११ इंच, उंची ६ फूट २ इंच

ही मापं फक्त चित्राची आहेत. भोवतीची काळी किनार, वरची पेटी आणि दोन्ही बाजूंना ठेवायचे स्पीकर यांसाठी आणखी एक-दीड फूट धरावा.

खडू आणि टेप घेऊन भिंतीवर हे चौकोन आखा आणि बसायच्या जागेवरून बघा. पहिल्या माणसाचं पडद्यापासूनचं अंतर साधारण तिरप्या मापाएवढं तरी असावं. म्हणजे ८० इंचासाठी पावणेसात फूट, १०० इंचासाठी सव्वाआठ-साडेआठ फूट. त्याहून जवळ बसलं की मान आणि डोळे डावी-उजवीकडे फिरवावे लागतात आणि चित्रातले ठिपके दिसतात. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ८० इंच आरामात, तर १०० इंच ओढूनताणून बसतो. त्यापुढचा पडदा मोठी बैठक किंवा हॉल असेल तरच घ्यावा.

उंचीचंही एक गणित आहे. आपल्याकडे खुर्चीपेक्षा सतरंजीवर बसून पाहणारे जास्त. खाली मांडी घालून बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात. त्यामुळे पडद्याची खालची कड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर ठेवली तर मान अवघडत नाही. शहरातल्या फोटोंत पाहून पडदा चार फूट उंच टांगला की तास-दीड तासात मान दुखायला लागते. मागे खुर्च्या, खाट आणि पुढे सतरंजी अशी बैठक असेल तर कड दोन ते अडीच फुटांवर घ्यावी.

पडदा मोठा केला की उजेड पातळ होतो

भात तेवढाच आणि पाहुणे वाढले तर प्रत्येकाच्या ताटात कमी येतो, तसंच प्रोजेक्टरच्या उजेडाचं आहे. १०० इंचाच्या पडद्याचं क्षेत्रफळ जवळपास ३० चौरस फूट, तर १५० इंचाचं ६७ चौरस फूट. माप दीडपट झालं, पण उजेड सव्वादोनपट जागेवर पसरला. म्हणजे तेच यंत्र दीडशे इंचावर निम्म्यापेक्षाही कमी उजळ दिसणार.

प्रोजेक्टरचा उजेड लुमेनमध्ये मोजतात. पूर्ण अंधाऱ्या खोलीत, साध्या पांढऱ्या पडद्यावर दर चौरस फुटाला १५ लुमेनच्या आसपास उजेड मिळाला तर चित्र सिनेमागृहासारखं वाटतं. या हिशेबाने ८० इंचाला सुमारे ३००, १०० इंचाला ४५०, १२० इंचाला ६५० आणि १५० इंचाला १,००० लुमेन लागतात. पण रंग चांगले दिसावेत म्हणून सिनेमा मोड लावला की उजेड घटतो आणि यंत्र जुनं होत जातं तसा आणखी घटतो. म्हणून या आकड्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचं यंत्र घ्यावं. १०० इंचासाठी ७०० ते ९०० लुमेन म्हणजे अंधाऱ्या खोलीत निवांत. खोलीत ट्यूबलाइट चालू ठेवूनच पाहायचं असेल तर हाच आकडा अडीच-तीन हजारांवर जातो.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे या. नुसतं 'लुमेन' लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. 'आन्सी लुमेन' किंवा 'आयएसओ लुमेन' असं लिहिलंय का ते बघा. हे आकडे ठरलेल्या पद्धतीने पडद्यावर मोजलेले असतात. स्वस्त यंत्रांवर ८,०००, १२,००० असे मोठमोठे आकडे छापलेले असतात, पण ते कशाचे, कसे मोजले, हे लिहिलेलं नसतं. आन्सी आकडा कुठेच दिला नसेल तर विक्रेत्याला विचारा. उत्तर गोलमोल आलं तर खरेदी तिथेच थांबवा.

दुसरा शब्दखेळ 'फोर-के सपोर्ट' हा. याचा अर्थ यंत्र फोर-के फाइल वाचू शकतं, एवढाच. ती फोर-केमध्ये दाखवेल असं नाही. विचारायचं ते 'नेटिव्ह रिझोल्यूशन', म्हणजे यंत्राचं स्वतःचं चित्र किती ठिपक्यांचं आहे. ८०० बाय ४८० म्हणजे पावणेचार लाखांच्या आसपास ठिपके, १२८० बाय ७२० म्हणजे सव्वानऊ लाख, १९२० बाय १०८० म्हणजे जवळपास पावणेएकवीस लाख आणि खरं फोर-के म्हणजे सुमारे ८३ लाख. १०० इंचाच्या पडद्यासाठी १९२० बाय १०८० हे पुरेसं आणि परवडणारं माप आहे. ८०० बाय ४८० चं यंत्र स्वस्त असतं, पण सिनेमाची पाटी आणि क्रिकेटचा स्कोअर वाचताना डोळे बारीक करावे लागतात.

पडदा कोणता घ्यावा?

रंगवलेली भिंत : सगळ्यात स्वस्त. प्लास्टर गुळगुळीत हवं आणि रंग चमक नसलेला पांढरा. चमकणाऱ्या ऑइल पेंटवर प्रोजेक्टरचा उजेड आरशासारखा डोळ्यांत येतो. भिंतीवरचे पोपडे, उंचवटे चित्रात दिसतात. चित्राभोवती तीन-चार इंचाची काळी पट्टी रंगवली की चित्र एकदम उठून दिसतं. पहिले दोन-तीन महिने भिंतीवरच पाहून आवडतंय का ते ठरवावं आणि मग पडद्यावर खर्च करावा, हा शहाणपणाचा मार्ग.

चादर किंवा कापड : एका रात्रीपुरतं ठीक. पातळ कापडातून बराच उजेड मागे निघून जातो. कापड वापरायचंच तर जाड, पांढरं घ्यावं, मागे काळं कापड शिवावं आणि चारी बाजूंनी लाकडी चौकटीवर ताणून ठोकावं. नुसतं वरून टांगलं तर सुरकुत्या पडतात आणि माणसांचे चेहरे वाकडे दिसतात.

वर गुंडाळणारा पडदा : हाताने खाली ओढायचा आणि काम झालं की वर सोडायचा. घरात जागा कमी, खोली एकच, तर हाच सोयीचा. मागची बाजू काळी आहे ना, ते बघून घ्यावं. हलक्या प्रतीच्या पडद्याच्या कडा काही महिन्यांत आत वळायला लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या खोलीत हे लवकर होतं. मोटारवाला पडदा दिसायला छान, पण बिघडायला एक वस्तू वाढते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हाताचाच बरा.

चौकटीवर ताणलेला पडदा : भिंतीवर कायमचा. एकही सुरकुती नाही, चित्र सगळ्यात चांगलं. पण त्यासाठी वेगळी खोली आणि कोरडी भिंत हवी.

करडा किंवा खास उजेड अडवणारा पडदा : हा वरून, बाजूने येणारा उजेड बराचसा गिळतो, त्यामुळे थोड्या उजेडातही चित्र टिकतं. पण महाग असतो आणि कमी ताकदीच्या यंत्रासमोर लावला तर चित्र काळवंडतं. भिंतीला अगदी चिकटून ठेवायच्या प्रोजेक्टरसाठी वेगळ्या जातीचा पडदा येतो. दोन्हींची अदलाबदल चालत नाही.

दुकानदार 'गेन' नावाचा आकडा सांगेल. १.० म्हणजे साधा पांढरा पडदा, सगळ्या बाजूंनी सारखा दिसणारा. आकडा जास्त असेल तर समोरून उजळ आणि बाजूने फिका दिसतो. घरात माणसं भिंतीला टेकून, दाराशी, कोपऱ्यात अशी कुठेही बसतात. म्हणून १.० ते १.२ गेनचा साधा पांढरा पडदाच बहुतेक घरांना योग्य.

यंत्र किती लांब ठेवायचं?

प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीत 'थ्रो रेशो' दिलेला असतो. हिशेब सोपा आहे : चित्राची रुंदी गुणिले हा आकडा, म्हणजे पडद्यापासून यंत्राचं अंतर. आकडा १.२ असेल तर १०० इंचाच्या, म्हणजे सव्वासात फूट रुंद चित्रासाठी यंत्र पावणेनऊ फुटांवर लागेल. आकडा १.५ असेल तर जवळपास अकरा फुटांवर. खोली दहा फूट लांब आणि यंत्र अकरा फुटांवर हवं, तर १०० इंचाचं चित्र त्या खोलीत होणारच नाही. अशा घरात ८० इंच घ्यावा, पावणेनऊ फुटांत काम होतं. यंत्राच्या मागे हवेसाठी आणि वायरसाठी वीतभर जागा सोडायचीही आठवण ठेवावी.

बसवताना : मातीची भिंत आणि जुनं आढं

सिमेंटच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लग आणि स्क्रू घातला की पडदा घट्ट बसतो. मातीच्या किंवा कुडाच्या भिंतीत हे चालत नाही. माती भुरभुर सुटते आणि चार-सहा महिन्यांत पडदा खाली येतो. अशा घरात वजन भिंतीवर न देता छताच्या मजबूत लाकडावर द्यावं. दोन आडव्या लाकडांना जाड पट्टी बांधून तिला हुक लावावेत. लाकूड वाळवीने पोखरलेलं नाही ना, ते आधी ठोकून बघावं. पोकळ आवाज आला तर जागा बदलावी. काम या क्रमाने करावं :

१. पडदा लावण्याआधी प्रोजेक्टर स्टुलावर ठेवून भिंतीवर चित्र पाडा. हवं ते माप आलं की चित्राचे चारही कोपरे खडूने खुणवा.

२. त्या खुणांवरून हुकांच्या जागा ठरवा. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून दोन्ही हुक एका पातळीत घ्या. अर्ध्या इंचाचा फरकही मोठ्या पडद्यावर लगेच दिसतो.

३. पडदा टांगा, पूर्ण खाली सोडा आणि एक दिवस तसाच राहू द्या. घडी आपोआप सुटते.

४. प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यासमोर आणि सरळ ठेवा. तिरपा ठेवून 'कीस्टोन'च्या बटणाने चौकोन जुळवता येतो, पण त्यात चित्राची धार जाते. यंत्र हलवून जुळत असेल तर बटण वापरू नका.

५. यंत्र वर टांगणार असाल तर स्क्रूशिवाय एक पक्की साखळी किंवा तार वेगळी बांधा. खाली लेकरं बसणार आहेत, हे विसरू नका.

पडदा चुलीपासून लांब ठेवावा. धुराची काजळी पांढऱ्या पडद्यावर बसली की जात नाही. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर पडदा गुंडाळून ठेवला तर बुरशीचे काळे डाग पडतात. म्हणून आठ-पंधरा दिवसांतून एकदा तो उघडून वारा लागू द्यावा. कुंभारीण माशी आणि पाली पडद्याच्या पेटीत घर करतात, तिथे अधूनमधून नजर टाकावी. पडदा पुसायचा तो कोरड्या मऊ कापडाने. साबण, फिनेल नको.

वीज आणि उन्हाळा

दिव्याचा जुन्या पद्धतीचा प्रोजेक्टर साधारण ३०० वॅट वीज घेतो. तीन तासांचा सिनेमा म्हणजे जवळपास एक युनिट. लहान एलईडी यंत्र ६० ते १०० वॅटमध्ये चालतं आणि इन्व्हर्टरवरही चांगलं टिकतं. दिव्याच्या यंत्रात वीज अचानक गेली की पंखा बंद पडतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो, त्याचं आयुष्य कमी होतं. शिवाय काही हजार तासांनी दिवा बदलावा लागतो, त्याचा खर्च आधीच विचारून ठेवावा. वीज सतत जाणाऱ्या गावात एलईडी किंवा लेझर यंत्र बरं.

चंद्रपूरचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो. बहुतेक प्रोजेक्टर मात्र ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालवायला बनवलेले असतात. पत्र्याखाली, छताला चिकटवून टांगलेलं यंत्र म्हणूनच मध्येच बंद पडतं. उन्हाळ्यात ते खाली, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावं आणि रात्री उशिराच लावावं. हवेची जाळी महिन्यातून एकदा साफ करावी.

अर्थिंग असलेल्या प्लगमध्येच यंत्र लावा. आभाळ गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि छत्रीची वायरही सोडवा. आणि लेकरांना प्रोजेक्टरच्या भिंगात डोळा घालून पाहू देऊ नका, त्या उजेडाने डोळ्याला इजा होऊ शकते.

दाखवायचं काय आणि ऐकायचं कसं?

चित्र कितीही मोठं केलं तरी मूळ जसं असेल तसंच दिसणार. डीडी फ्री डिशच्या साध्या बॉक्समधून तीन रंगांच्या पिनांच्या वायरने येणारं चित्र २४ इंचाच्या टीव्हीवर ठीक दिसतं, १०० इंचावर पिठूळ दिसतं. एचडी बॉक्स आणि एचडीएमआय वायर असेल तर फरक लगेच कळतो. नेटवर्क कमी असलेल्या गावात ऑनलाइन सिनेमा अडखळत चालतो. शिवाय काही ओटीटी ॲप मोबाइलवरून प्रोजेक्टरवर पाठवले की आवाज येतो, पण पडदा काळाच राहतो. आपण जे ॲप वापरतो ते त्या यंत्रात चालतं का, हे घेण्याआधी विचारावं.

प्रोजेक्टरमधला छोटा स्पीकर मोबाइलपेक्षा थोडाच बरा असतो. आवाज यंत्रातून पाठीमागून आणि चित्र समोर, असं झालं की मजा जाते. पडद्याच्या दोन बाजूंना दोन स्पीकर किंवा खाली एक साउंडबार ठेवावा. हजार-दोन हजार रुपये उरले तर पडदा आणखी मोठा करण्यापेक्षा ते आवाजावर घालवावेत.

अंगणात किंवा चौकात लावणार असाल तर

क्रिकेटचा सामना असला, गणपती-शारदा बसल्या की पडदा घराबाहेर येतो. तिथे पहिला शत्रू वारा. बारा बाय सात फुटांचा पडदा म्हणजे होडीचं शीडच. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर साठ-सत्तर किलोच्या आसपास जोर येतो. नुसत्या दोन बांबूंना बांधलेला पडदा त्यात माणसांवर कोसळू शकतो. बांबू दोन-अडीच फूट खोल गाडावेत, प्रत्येकाला पुढे-मागे दोर ताणून खुंट्या ठोकाव्यात आणि वारा सुटला की पडदा लगेच उतरवावा. विजेच्या तारांखाली पडदा कधीही उभारू नये. आकडा टाकून वीज घेणं गुन्हा तर आहेच, ओल्या जमिनीवर ते जिवावरही बेततं.

रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर वाजवायला कायद्याने मनाई आहे. शासनाने सूट दिलेल्या मोजक्या दिवशीच ही वेळ वाढते. घरी कुटुंबासोबत सिनेमा पाहणं वेगळं आणि चौकात सगळ्या गावाला दाखवणं वेगळं. जाहीर प्रदर्शनासाठी सिनेमाच्या हक्कदाराची परवानगी लागते, तिकीट लावलेलं असो वा नसो.

आणि जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी या पट्ट्यात वाघ-बिबट्याचा वावर आहे. कार्यक्रम संपल्यावर टोल्यावर, शेताकडे राहणाऱ्यांनी एकटं-दुकटं जाऊ नये. टॉर्च घेऊन, बोलत, घोळक्याने जावं. पडद्यासाठी चौकातले दिवे बंद केले असतील तर कार्यक्रम संपताच ते आधी लावावेत आणि मगच लोकांनी उठावं. वन्यप्राणी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

पैसे देण्याआधी हे विचारा

- आन्सी किंवा आयएसओ लुमेन किती?
- नेटिव्ह रिझोल्यूशन किती?
- थ्रो रेशो किती आणि आपल्या खोलीच्या लांबीत तो बसतो का?
- पडद्याची खरी रुंदी आणि उंची फुटांत किती? मागची बाजू काळी आहे का?
- दिवा असल्यास बदलायला किती खर्च?
- सर्व्हिस सेंटर कुठे? पावसाळ्यात रस्ता बंद होणाऱ्या गावातून यंत्र परत पाठवायचं झालं तर कसं?
- न पटल्यास परत घेण्याची मुदत किती दिवस?

पक्कं बिल घ्या. खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपण्याआधी दुपारी एकदा, रात्री एकदा असं दोनदा लावून बघा. सांगितलेलं आणि मिळालेलं यात फरक असेल आणि विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जवळ असेल तर तक्रारीला जोर येतो.

एवढं सगळं करायला एक टेप, एक खडू आणि एक संध्याकाळ लागते. खोलीच्या मापात बसणारा ८० इंचाचा पडदा रोज रात्री उलगडला जाईल. जाहिरात पाहून घेतलेला २०० इंचाचा मात्र खोक्यातच राहील.